कासवाचं इंटिरिअर

मंडळी, जनावरांचा नाद कोल्हापूरला नवा नाही. संस्थानाच्या काळात इथं शिकारीसाठी चित्ते पाळले जायचे, साठमारीत हत्ती उतरायचे. आजही दिवाळी पाडव्याला सजवलेल्या म्हशी रस्त्यानं अशा ऐटीत निघतात, की रॅम्पवरच्या मॉडेलनी धडे घ्यावेत. कबुतरं, कोंबडे, शर्यतीचे बैल... या गावात कसलाच नाद नसलेलं घर शोधावं लागतं.

पण टू-बीएचकेत म्हैस मावत नाही ना भावा! मग राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्कातल्या फ्लॅटमधल्या तरुण मंडळींनी नवा नाद शोधलाय. काचेची लांबरुंद टाकी, खाली हिरवंगार मॉस, कडेला दोन-चार फर्न, एखादं वाळकं खोड, वरून पिवळा दिवा आणि मधोमध तळहातावर मावेल एवढं कासव. फोटो एकदम कडक येतो. लाईकही पडतात. मग प्रश्न सुरू होतात : लाइव्ह मॉस कुठं मिळतं? कासवाच्या टाकीत ते जगतं का? आणि कासवाला ते चालतं का?

चालतं. पण ज्यांनी टाकीत मॉसचा गालिचा अंथरायचं ठरवलंय, त्यांनी जरा थांबावं. कारण कासवाच्या घरात मॉस म्हणजे शोभेची वस्तू नसते, ते हवामान असतं. आणि चुकीचं हवामान अंगावर घेऊन कासव तक्रार करत नाही, हळूहळू आजारी पडतं. त्याचं सगळंच हळू, त्यामुळे आपल्याला कळतंही उशिरा.

आधी सांगा, कासव कुठलं?

मराठीची गंमत अशी, की विहिरीतलं, समुद्रातलं, माळरानावरचं... सगळ्यांना आपण एकाच नावानं हाक मारतो. कासव! देवळातल्या गाभाऱ्यासमोरचं दगडी कासवही तेच आणि वास्तुवाल्यांनी काचेच्या ताटलीत ठेवायला लावलेलं पितळी कासवही तेच. पण घर सजवायला घेताना हा घोळ महागात पडतो. आपल्याकडे लोकांच्या घरात साधारण तीन तऱ्हेची कासवं सापडतात.

पहिलं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव. दिसायला सगळ्यात देखणं आणि पाळायला सगळ्यात बेकायदा! वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि स्टार कासव थेट पहिल्या अनुसूचीत गेलं. म्हणजे कागदोपत्री वाघाच्या पंक्तीत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘आम्ही विकत नाही घेतलं, लकी म्हणून मित्रानं गिफ्ट दिलं,’ हे कारण चालत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ साली सर्वात कडक बंदी आली. तरी चोरटी वाहतूक सुरूच असते. २०१८ साली सिंगापूरमधून ५१ स्टार कासवं विमानानं परत कर्नाटकात आणावी लागली, यावरून धंदा किती लांबवर पोचलाय ते समजा.

तेव्हा स्टार कासवासाठी मॉस कुठलं, या प्रश्नाचं उत्तर : कुठलंच नाही. घरात आधीपासून असेल, तर वन विभागाच्या १९२६ या टोल-फ्री नंबरवर फोन करा. आणि हो, परस्पर पन्हाळ्याच्या नाहीतर राधानगरीच्या जंगलात नेऊन सोडू नका. तो कोरड्या, झुडपी माळरानाचा जीव आहे, घाटाच्या पावसातला नाही. शिवाय घरातला आजार जंगलातल्या प्राण्यांना द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

दुसरं, डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. दुकानात नाण्याएवढं दिसतं, वाढून जेवणाच्या ताटलीएवढं होतं. त्याला पोहायला खोल पाणी आणि ऊन खायला कोरडा ओटा लागतो. मॉसच्या टाकीशी त्याचा काही संबंध नाही. टाकीत मावेना म्हणून रंकाळ्यात किंवा कळंब्यात सोडून येणं तर अजिबात नको. जगातल्या शंभर सर्वात त्रासदायक परक्या प्रजातींच्या यादीत याचं नाव आहे. आपल्या तलावातल्या देशी कासवांच्या जागेवर आणि खाण्यावर ते हक्क सांगतं.

तिसरा गट परदेशी जमिनीवरच्या कासवांचा. आफ्रिकेतलं सल्काटा आणि दक्षिण अमेरिकेतलं रेड-फुटेड, ही त्यातली दोन ओळखीची नावं. आपली मॉसची चर्चा खरी यांच्यासाठीच. मात्र इथंही कागद लागतात. २८ फेब्रुवारी २०२४ ला आलेल्या नियमांनुसार अशा यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. पिल्लं झाली, प्राणी दगावला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. दुकानदार ‘काही लागत नाही सर’ म्हणाला, तर त्याच्याकडून कासव तर सोडाच, माशांचं खाद्यसुद्धा घेऊ नका.

वाळवंटातलं बीळ, जंगलातली पानं

आता हवामानाकडे वळू. सल्काटा हे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं कासव. मग त्याला कोरडं ठेवायचं, नाही का? वर्षानुवर्षं जगभर असंच मानलं गेलं. त्याच काळात घराघरातल्या सल्काटांच्या पाठी पिरॅमिडसारख्या टेंगळाटेंगळांनी वर आल्या. खाण्यात प्रोटीन जास्त होतं म्हणून असं होतं, असं सगळे म्हणायचे. २००३ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी पिल्लांवर प्रयोग करून पाहिलं तेव्हा निघालं भलतंच. खरा फरक हवेतल्या ओलाव्यानं पडत होता. कोरड्या हवेत वाढलेल्यांची पाठ जास्त टेंगळली, दमट हवेतल्यांची बरीच गुळगुळीत राहिली. प्रोटीनचा परिणाम अगदी थोडा होता.

याचं कारण जमिनीखाली आहे. सल्काटा उन्हाच्या कडाक्यात माळावर भटकत बसत नाही. खोल बीळ खणून आत जाऊन बसतं आणि त्या बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा गार आणि दमट असते. म्हणजे वाळवंटातल्या कासवालाही ओलावा हवाच असतो, पण एका खोलीपुरता. बाहेर कोरडं ऊन, आत ओली सावली आणि जायचं कुठं हे कासव ठरवणार.

रेड-फुटेडचा मामला उलटा. ते दमट रानांच्या कडेनं फिरतं, पालापाचोळ्यात घुसतं. त्याला हवेत साठ ते ऐंशी टक्के ओलावा मानवतो. मॉस-फर्नचं घर खऱ्या अर्थानं शोभतं ते याला.

आणि आपलं कोल्हापूर? जुलैत कपाटातल्या लेदरच्या बेल्टला बुरशी येते आणि एप्रिलच्या दुपारी ओठ फुटतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो. एकाच गावात तीन हवामानं! म्हणून परदेशातल्या व्हिडिओत बघून ‘रोज दोनदा स्प्रे मारा’ हा फंडा इथं बारा महिने चालत नाही. उन्हाळ्यात मॉस ओलं ठेवायचं, पावसाळ्यात स्प्रेची बाटली कपाटात ठेवायची. गार आणि ओलं ही जोडी कासवाच्या फुप्फुसाची वैरीण. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडं टाकून श्वास, खाणं बंद... असं काही दिसलं, तर घरगुती काढे न करता डॉक्टर गाठा. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा व्हेट प्रत्येक गल्लीत नसतो, म्हणून तो कासव आणण्याच्या आधी शोधून ठेवा.

मॉसची शिफ्ट ड्युटी

मॉसला खरी मुळं नसतात. नुसते धरून ठेवणारे बारीक धागे असतात. पाणी ते पानांच्या अंगानंच पितं. त्यामुळं पाण्यातले क्षार, खत, कासवाची शी-शू सगळं थेट त्याच्या अंगावर येतं. दिव्याखाली पस्तीस डिग्रीत ते वाळून जातं. त्यावर कासव रणगाड्यासारखं चालतं, उकरतं आणि चावूनही बघतं. अशा टाकीतला मॉसचा गालिचा महिनाभर टिकला तरी खूप झालं. वर खालची माती सतत ओली राहिली, की कासवाच्या पोटाकडच्या कवचाला सड लागते, ते वेगळंच.

मग करायचं काय?

एक, ओली खोली बांधा. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, एका बाजूला कासव आरामात शिरेल असं दार कापा, कडा घासून गुळगुळीत करा. आत स्फॅग्नम मॉस भरा. ऑर्किडसाठी नर्सरीत पाकिटात मिळतं ते. भिजवा, मुठीत घट्ट पिळा. थेंब गळायचा थांबला की बरोबर. पिल्लू स्वतःहून आत जाऊन झोपेल. मात्र ते मॉस खात सुटलंय असं दिसलं, तर काढून टाका आणि त्याऐवजी भिजवलेलं कोकोपीट वापरा. पोटात गोळा होऊन अडकण्याची भीती असते. आठवड्याला वास घेऊन बघा, घाण झालं की बदला.

दोन, जिवंत मॉस कासवाच्या पायाखाली नको. ओल्या खोलीच्या छतावर, उभ्या दगडाच्या माथ्यावर, टाकीच्या गार आणि सावलीच्या टोकाला ठेवा. सरळ दोन ट्रे करा. एक टाकीत, दुसरा बाल्कनीत सावलीला. पंधरा दिवसांनी अदलाबदल. आपल्यासारखीच शिफ्ट ड्युटी, आणि वीकली ऑफही मिळतो बिचाऱ्याला! पाणी शक्यतो पावसाचं द्या. जूनमध्ये गच्चीवर बादली ठेवली, की फुकट मिळतं.

तीन, काच टाळा. कासवाला काच कळत नाही, ते दिवसभर तिला धडका देत राहतं. कडेला हवा खेळती राहील अशी लाकडी उघडी पेटी उत्तम. खाली लाल माती आणि कोकोपीट मिसळून चार-सहा इंचांचा थर. आपली काळी माती नको; ओली झाली की चिकटते, वाळली की दगड होते. एका टोकाला ऊन खायचा दिवा आणि यूव्हीबीचा दिवा, दुसरं टोक गार. खिडकीतून येणारं ऊन पुरेल असं समजू नका, काच यूव्हीबी अडवते. थर्मामीटर आणि हवेतला ओलावा मोजणारं हायग्रोमीटर मात्र लावाच. अंदाजानं स्वयंपाक होतो, हवामान होत नाही.

चार, दुकानातलं पोपटी रंगाचं, कधीच न वाळणारं ‘प्रिझर्व्ह्ड मॉस’ भिंतीवरच राहू दे. ते मेलेलं, ग्लिसरीन आणि रंग पाजलेलं असतं. ऑफिसच्या रिसेप्शनला ठीक, कासवाच्या तोंडात नाही.

झाडं म्हणजे जेवणाचं ताट

कासवाच्या घरात लावलेलं प्रत्येक झाड एक दिवस खाल्लं जाणार, हे धरूनच चाला. म्हणून खाण्याजोगंच लावा. जास्वंद नंबर एक, पानंही आणि फुलंही. गणपतीच्या हारातलं जास्वंद नव्हे हं, त्यावर काय फवारलंय कुणास ठाऊक! हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, सल्काटासाठी रोजची भाजी-भाकरी. तुतीची पानं, काटे काढलेला फड्या निवडुंग, स्पायडर प्लांट हेही चालतं. रेड-फुटेडला याशिवाय थोडी फळंही लागतात. सल्काटाला फळांचे लाड नकोत, त्याचं पोट गवतासाठी घडलंय.

घरात सगळ्यात हौसेनं लावलेली मनीप्लांट, डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन आणि अळू ही मंडळी मात्र बाहेर. तोंडाची आग करणारे सुईसारखे स्फटिक त्यांच्या पानात असतात. कण्हेर, अडेनियम, घाणेरी आणि चीक येणारे शेर-थोर तर जवळही नकोत.

नर्सरीतून आणलेलं रोप त्याच दिवशी टाकीत लावू नका. त्यावर फवारलेलं औषध आणि मातीतलं खत कासवाच्या पोटात जाईल. मुळं धुवा, साध्या मातीत लावा, महिनाभर बाल्कनीत ठेवा, नवी पानं फुटली की मगच आत. तेही कुंडीसकट मातीत पुरा, म्हणजे खाऊन फडशा पाडला की कुंडी उचलून दुसरी ठेवता येते. आणि टाकीत हात घातला, की साबणानं हात धुवायचे. कासवांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. अमेरिकेनं लहान मुलांच्या आजारपणामुळं १९७५ साली चार इंचांखालची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली, ती याच जंतूमुळं. घरात तान्हं बाळ असेल, तर हा नाद पुढं ढकला.

घाटातलं मॉस घाटातच बरं

पहिला पाऊस पडला, की गगनबावड्याकडे, पन्हाळ्याकडे गाड्या सुटतात. जांभ्या दगडावर, झाडांच्या बुंध्यावर मखमल पसरलेली असते. हात आपोआप पुढं जातो, एक पट्टा सोलून डिकीत टाकावा असं वाटतं. थांबा! राधानगरी हे महाराष्ट्रातलं सर्वात जुनं अभयारण्य, १९५८ पासूनचं. २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही आहे. तिथून पानही उचलायचं नसतं. अभयारण्याच्या बाहेरही हिशेब तोच. मॉस पावसाचं पाणी धरून ठेवतं, त्याच्या गादीत बारीक बिया रुजतात, किडे-बेडूक ओलावा शोधत येतात. सोललेला दगड पुन्हा हिरवा व्हायला वर्षं लागतात आणि आपल्या टाकीत ते महिन्याभरात पिवळं पडतं. घाटातल्या पावसात वाढलेलं मॉस शहरातल्या फ्लॅटमध्ये तग धरत नाही.

त्यापेक्षा आपल्याच अपार्टमेंटची कंपाउंडची भिंत, गच्चीचा कोपरा, जुन्या कुंडीची बाहेरची बाजू बघा. जुलैत तिथं जे मॉस येतं ते कोल्हापूरचं हवामान सोसूनच आलेलं असतं. वॉचमनकाका नाहीतरी ते खरवडून फेकणारच असतात. औषध किंवा ॲसिड मारलेली भिंत तेवढी टाळा.

आणि एक सरळ हिशेब

सल्काटा हे मुख्य जमिनीवरच्या, म्हणजे बेटांवरची राक्षसी कासवं सोडून, जगातलं सर्वात मोठं कासव. आज तळहातावरचं ते पिल्लू वाढून चाळीस-पन्नास किलोचं होतं, कधी त्याहूनही मोठं. ते सिमेंटच्या पोत्याएवढ्या वजनानं बाल्कनीचं दार ढकलतं. त्याला अंगण लागतं, खणायला जमीन लागते. ते सत्तर वर्षंसुद्धा जगू शकतं. तुम्ही सत्ताविसाव्या वर्षी घेतलंत, तर तुमच्या नातवंडांच्या लग्नात ते मांडवाशेजारचा झेंडू खात असेल. जॉब पुण्याला बदलला, ऑनसाइटची संधी आली, लग्न झालं, घर विकलं... तेव्हा ते कुणाकडं? याचं उत्तर आज नाव घेऊन देता येत असेल, गावाकडं भिंतीचं कुंपण असलेलं अंगण असेल, तरच पुढं जा.

उत्तर नसेल, तर नाराज होऊ नका, टेरेरियम करा. कासवाशिवाय! १८२९ साली लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष बघायला म्हणून बंद बाटलीत ओलसर माती घालून ठेवली. थोड्या दिवसांनी त्या मातीतून फर्न आणि गवत उगवून आलं. त्यांना कीटक बघायचा होता आणि हाती लागलं झाडांसाठी काचेचं घर! पुढं तशाच काचपेट्यांतून रोपं सातासमुद्रापार गेली. कंपाउंडच्या भिंतीवरचं मॉस, एक लहानसं फर्न, रुंद तोंडाची बरणी, पावसाचं चमचाभर पाणी. ऑफिसच्या टेबलावर मावतं, सुट्टीवर गेलात तरी चालतं आणि परिवेशवर नोंदवावंही लागत नाही.

आणि कासवच बघायचं असेल, तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कोकण गाठा. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पहाटे वाळूतून निघालेली पिल्लं लाटांकडं पळतात, तेव्हा सगळा किनारा श्वास रोखून उभा असतो. गावातच राहायचं, घरगुती जेवायचं. बुकिंग तेवढं वेळेवर करा, शनिवार-रविवारी गर्दी फार असते.